अपघातस्थळाच्या नकाशाला उंची देताना: थ्रीडी आराखड्याची सुरुवात

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता कागदावर काढून पाहा. दोन समांतर कडा, मध्ये दुभाजक आणि दिशेचे बाण, एवढेच दिसेल. अवजड वाहने तिथे का आवरत नाहीत ते या नकाशातून कळणार नाही, कारण वरून पाहिलेल्या नकाशात उतार नसतो. खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या एस वळणाचेही तसेच. वळण नकाशात दिसते, पण रस्ता कोणत्या बाजूला किती कललेला आहे ते दिसत नाही. अशा जागांसाठी अपघात-नकाशाच्या सॉफ्टवेअरमधली थ्रीडी सोय खरोखर कामाची आहे.

प्रत्येक अपघाताला मात्र ती लागत नाही. सपाट चौकात दोन दुचाकी धडकल्या आणि वाद फक्त कोण कुठून आले याचा असेल, तर साधा प्रमाणबद्ध नकाशा पुरतो. तीन प्रश्नांपैकी एक तरी असेल तरच थ्रीडीला हात घाला. चालकाला समोरचे दिसत होते का? उताराचा किंवा आडव्या कलाचा वेगावर परिणाम झाला का? एका वाहनावरची चेप दुसऱ्या वाहनाच्या कोणत्या भागाशी उंचीने जुळते? काम सुरू करण्यापूर्वी यातला आपला प्रश्न एका ओळीत लिहून ठेवा. कोणती उंची मोजायची आणि कोणती सोडायची हे त्या ओळीवरून ठरते.

सॉफ्टवेअर कोणते? पोलिस आणि विमा तपासात फॅरो झोन थ्रीडी हे नाव बरेचदा ऐकू येते. जुन्या क्रॅश झोन या प्रोग्रॅमचे हे पुढचे रूप. पीसी-क्रॅश हे टक्करीचे भौतिकशास्त्र सोडवणारे साधन आहे, त्याचे काम वेगळे. ब्लेंडर फुकट आहे आणि त्यातही सगळे करता येते, पण टेपची मापे थेट भरायची सोय त्यात तुम्हालाच उभी करावी लागते. मेनूंची नावे आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून इथे क्रिया सांगितल्या आहेत, बटणे नाहीत.

जागेवरून काय आणायचे

निम्मे थ्रीडी आराखडे ऑफिसात नव्हे, रस्त्यावरच बिघडतात. नजरी नकाशाची सवय असलेला माणूस लांबी-रुंदी नीट मोजतो आणि उंची विसरतो. मग ऑफिसात बसून दुभाजक असेल फूटभर असा अंदाज होतो, आणि तो अंदाज चित्रात पक्क्या मापासारखा दिसतो.

आधी शून्य उंचीचा बिंदू ठरवा. रस्त्याच्या डांबरावर तो घेऊ नका, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे नवा थर पडलेला असेल. मोरीचा कठडा, किलोमीटरचा दगड किंवा पुलाच्या खांबाचा पाया बरा. तिथे रंगाने फुली मारा, फोटो घ्या, आणि बाकी सगळ्या उंच्या या बिंदूपासून वर किंवा खाली अशा लिहा.

आडवा उतार मोजायला एक मीटरची ॲल्युमिनियमची लेव्हलपट्टी पुरते. पट्टी रस्त्यावर आडवी ठेवा, खालचे टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि टोकाखालची फट मोजा. फट जितके सेंटिमीटर, तितके टक्के उतार. २.५ सेंमी फट म्हणजे २.५ टक्के. सरळ रस्त्यावर दर २० मीटरला आणि वळणावर दर १० मीटरला दोन्ही बाजूंचे मोजमाप घ्या.

लांबीच्या दिशेचा उतार याच पट्टीने घ्यायचा मोह आवरा. पट्टी वापरताना २ मिमीची चूक सहज होते. तीच चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला होत गेली, तर ६० मीटरवर १२ सेंमीचा फरक पडतो. त्यासाठी ऑटो लेव्हल (तिपाईवरची समपातळी दाखवणारी दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्यातून वाचायची आकड्यांची उभी पट्टी) वापरा. ते मिळत नसतील तर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी चालेल. वीस मीटरच्या टप्प्यात ती काही मिलिमीटरच्या आत अचूक असते. अट एकच, नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांची पातळी खोटी बोलते.

मग सुट्या उंच्या. फुटपाथची कड, दुभाजकाची भिंत, त्यावरची झुडपे, खाली आलेली फांदी, फलकाची खालची कड. पत्र्याचे क्रॅश बॅरियर असेल तर त्याची वरची कड साधारण ७० सेंमीवर आणि खांब दर दोन मीटरला असणे अपेक्षित असते, पण अपेक्षित माप नकाशात भरू नका. डांबराचे थर चढून ते ५५ सेंमीवर आलेले असू शकते, आणि कदाचित तोच अपघाताचा मुद्दा असेल. झुडपांची उंची त्याच दिवशी घ्या. अपघातानंतर आठवडाभरात कोणीतरी येऊन ती छाटून जाते.

वाहनांवरच्या चेपा जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतात आणि कुठे संपतात, हे वाहन सपाट जागी उभे करून मोजा. टायर बसलेला असेल तर तशी नोंद करा. चालकाच्या डोळ्यांची उंचीही शक्य असेल तर त्याच वाहनाच्या त्याच सीटवर तेवढ्याच उंचीचा माणूस बसवून घ्या.

फाइल उघडल्यावर पहिली दहा मिनिटे

एकक मीटर ठेवा. परदेशी सॉफ्टवेअर बरेचदा फुटांत उघडते, आणि ३.५ मीटरची लेन ३.५ फुटांची होते. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या सपाट नकाशात, ते लगेच खटकते. उंचीत खटकत नाही, कारण १५ सेंमीची कड ४.६ सेंमीची झाली तरी लांबून तशीच दिसते.

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र) किंवा ड्रोनमधून बिंदू आणणार असाल तर निर्देशांक आधी हलवून घ्या. पुण्याच्या आसपास यूटीएम पद्धतीत (जागा मीटरमध्ये सांगणारी नकाशाची पद्धत) पूर्वेचा आकडा सुमारे ३,८०,००० आणि उत्तरेचा २०,४८,००० मीटरच्या घरात येतो. एवढे मोठे आकडे तसेच ठेवले तर बऱ्याच प्रोग्रॅमचे थ्रीडी दृश्य थरथरते आणि रेषा दातेरी दिसतात. चित्र दाखवणारे गणित साधारण सात अंकांपर्यंतच नेमके असते, आणि उत्तरेच्या आकड्यात ते सातही अंक पूर्ण मीटर सांगण्यातच संपतात. सगळ्या बिंदूंच्या पूर्वेच्या आकड्यातून एक आणि उत्तरेच्या आकड्यातून एक अशा ठरावीक संख्या वजा करा आणि त्या फाइलच्या टिपणात लिहा. उपग्रहावरून मिळालेली उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्याकडे दोन्हींत पन्नास मीटरहून अधिक फरक पडतो. आपल्याला सापेक्ष उंची हवी असल्याने तेवढ्याने बिघडत नाही, पण एका फाइलमध्ये दोन्ही प्रकारचे आकडे मिसळले तर अर्धा रस्ता हवेत जातो.

लेयर, म्हणजे वेगवेगळे दाखवता-लपवता येणारे थर, सुरुवातीलाच पाडा. रस्ता, रंगाचे पट्टे, पुरावे, वाहने, झाडे-इमारती. आणि एक लेयर खास गृहीत धरलेल्या गोष्टींसाठी ठेवा. न मोजलेली प्रत्येक वस्तू त्यात जाईल आणि तिचा रंग फिका राखाडी असेल. हा लेयर एका क्लिकवर बंद करता आला पाहिजे, म्हणजे मोजलेले नेमके किती उरते ते कोणालाही दाखवता येते.

आधी सपाट, मग उंच

सगळा नकाशा आधी दोन मितींत पूर्ण करा. स्थिर बिंदूपासूनची अंतरे तपासा, दोन-तीन आडवी-तिरकी मापे टेपशी ताडून पाहा, मग तो लेयर कुलूपबंद करा. उंची चढवायला लागल्यावर सपाट नकाशातली चूक शोधणे फार किचकट होते, कारण तिरक्या दृश्यात बिंदू सरकला आहे की वर गेला आहे हे डोळ्यांना कळत नाही.

आता रस्त्याचा पृष्ठभाग. एक साधे उदाहरण घेऊ. ७ मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता, ६० मीटर लांब, पुढे ४ टक्के उतरता, आणि मधोमध उंच असा २.५ टक्क्यांचा कॅम्बर. मध्य कडेपासून ३.५ मीटर, म्हणून मध्यरेषा कडेपेक्षा ३.५ × ०.०२५ म्हणजे जवळपास ९ सेंमी वर. दर २० मीटरला रस्ता ८० सेंमी खाली जातो. भरायच्या उंच्या अशा:

० मीटरवर कड ०.००, मध्य +०.०९
२० मीटरवर कड −०.८०, मध्य −०.७१
४० मीटरवर कड −१.६०, मध्य −१.५१
६० मीटरवर कड −२.४०, मध्य −२.३१

दुसऱ्या कडेच्या उंच्या पहिल्या कडेसारख्याच. हे बारा बिंदू भरून पृष्ठभाग बनवा म्हटले की सॉफ्टवेअर त्यांच्यात त्रिकोणांचे जाळे विणते. इथे पहिली ठेच लागते. कोणता बिंदू कोणाला जोडायचा हे जाळे स्वतः ठरवते, आणि कधी मध्यरेषा सोडून एका कडेवरून थेट दुसऱ्या कडेवर त्रिकोण टाकते. मग कॅम्बर मधेच सपाट होतो. उपाय म्हणजे कडा आणि मध्यरेषा ब्रेकलाइन म्हणून नेमणे. त्रिकोणाने ही रेषा ओलांडायची नाही, एवढाच त्या सूचनेचा अर्थ.

फुटपाथ आणि दुभाजकाच्या उभ्या कडांना अजून एक युक्ती लागते. जाळ्याला एकाच जागी दोन उंच्या चालत नाहीत. कडेची खालची आणि वरची रेषा अगदी एकावर एक काढली तर एक गायब होते, आणि दोन्ही लांब ठेवल्या तर उभी कड उतरण बनते, जणू चाक तिथून अलगद वर चढेल. वरची रेषा आत १ ते २ सेंमी सरकवा. दिसायला कड उभीच राहते.

गतिरोधकालाही घाईत एकच उंच रेषा देऊ नका, छप्पर तयार होते. इंडियन रोड काँग्रेसच्या प्रमाणित गोल गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंमी आणि वक्राची त्रिज्या १७ मीटर आहे. त्याचे पाच समान अंतरावरचे बिंदू ०, ७.५, १०, ७.५, ० सेंमी असे येतात. गावाबाहेर लोकांनी स्वतः घातलेला गतिरोधक असेल तर हे आकडे विसरा आणि दर ३० सेंमीला प्रत्यक्ष उंची घ्या.

वळणावर कॅम्बर दोन्ही बाजूंना उतरत नाही. बाहेरची कड वर उचललेली असते आणि सरळ भागातून तिथे जाताना हा बदल हळूहळू होतो. म्हणून वळणावर मोजमापे दाट घ्यायची. उचललेली कड की पडलेली, यावर बरेच काही ठरते. घसरत वळलेल्या चाकाची खूण असेल, तिची २० मीटरची जीवा आणि मध्यावर ८० सेंमी बाक असेल, तर त्रिज्या सुमारे ६३ मीटर येते. घर्षण गुणांक ०.७ धरला आणि रस्ता आतल्या बाजूला ४ टक्के कललेला असला तर वेग ताशी ७७ किमी निघतो. तोच कल उलटा असला तर ७३. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात या ताशी चार किलोमीटरवरून तासभर वाद होऊ शकतो.

सरळ ब्रेकच्या खुणेचे गणितही तसेच. २५ मीटर खूण, घर्षण ०.७, सपाट रस्ता असेल तर ताशी ६६.७ किमी. ६ टक्के उतारावर ६३.८, तेवढ्याच चढावर ६९.५. इथे नवशिक्यांचा एक गैरसमज होतो. उतारावर खुणेची लांबी बदलते म्हणून थ्रीडी हवे असे त्यांना वाटते. ६ टक्के उतारावर २५ मीटरला लांबीचा फरक जेमतेम साडेचार सेंटिमीटर पडतो. वेग बदलतो तो गुरुत्वामुळे.

खुणा जमिनीवर बसवणे

टायरचे ओरखडे, रंगाचे पट्टे, काचांचा चुरा, तेलाचा ओघळ हे सगळे सपाट नकाशात शून्य उंचीवर काढलेले असते. पृष्ठभाग तयार झाल्यावर ते त्यावर अंथरावे लागते. प्रत्येक चांगल्या प्रोग्रॅममध्ये ही सोय असते, पण ती फक्त रेषेचे बिंदू जमिनीवर टेकवते. ३० मीटरच्या ओरखड्याला दोनच बिंदू असतील तर मधला भाग डांबराच्या आतून जातो किंवा वरून तरंगतो. अंथरण्याआधी दर एक मीटरला बिंदू घाला.

अंथरल्यावर पट्टे लुकलुकताना दिसले तर घाबरू नका. रेषा आणि पृष्ठभाग नेमके एकाच उंचीवर आले की आधी काय दाखवायचे ते संगणकाला ठरवता येत नाही. पट्टे ५ मिमी वर उचला. कॅमेरा खूप लांब असेल तर १० मिमी. त्याहून वर नेले तर सावल्या पडायला लागतात.

वाहने

तयार चित्रसंग्रह बहुतेक अमेरिकी असतात. त्यात स्टिअरिंग डावीकडे असते, रिक्षा नसते, टेम्पो नसतो, आणि सिग्नलही तिकडच्या पद्धतीचे. स्टिअरिंग उजवीकडे आणायला गाडी आरशासारखी उलटवण्याचा उपाय सुचतो. त्यात इंधनाचे झाकण, सायलेन्सर आणि नंबरप्लेटवरची अक्षरेही उलटतात. चालकाच्या दृश्यासाठी चालेल, चेपांच्या तुलनेसाठी नको.

मॉडेल निवडल्यावर लांबी, रुंदी, उंची आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) ही चार मापे ताडून पाहा. स्विफ्टची लांबी साधारण ३.८५ मीटर, रुंदी १.७३५ आणि व्हीलबेस २.४५ मीटर. स्प्लेंडर दोन मीटर लांब. तीनचाकी प्रवासी रिक्षा साधारण २.६ × १.३ × १.७ मीटर. जवळचे मॉडेल ताणून बसवायचे असेल तर थोडेच ताणा. सेडान ताणून एसयूव्ही केली की चाके लंबगोल होतात आणि बंपर भलत्याच उंचीवर जातो, म्हणजे ज्या मापासाठी हे सगळे चालले होते तेच बिघडते. रिक्षाचे मॉडेल नसेल तर मोजमापाचे तीन ठोकळे जोडा. ओबडधोबड पण मोजलेला ठोकळा देखण्या चुकीच्या मॉडेलपेक्षा बरा, कारण तो आपण ठोकळाच आहोत हे लपवत नाही.

वाहन जागेवर ठेवताना बंपरवरून ठेवू नका, बंपर तुटलेला आणि वाकलेला असतो. दोन चाकांच्या टेकण्याच्या जागा घ्या. मग वाहन रस्त्याच्या उताराप्रमाणे पुढे-मागे आणि आडवे झुकवा. काही प्रोग्रॅम ते आपोआप जमिनीला चिकटवतात, काहींत कोन हाताने भरावा लागतो. इथली ठरलेली चूक म्हणजे ४ टक्के उतारासाठी कोनाच्या रकान्यात ४ लिहिणे. ४ टक्के म्हणजे २.२९ अंश. ४ अंश लिहिले तर गाडी ७ टक्क्यांच्या उतारावर उभी राहते, पुढची चाके डांबरात रुततात आणि मागची हवेत राहतात. चाकाजवळ कॅमेरा नेऊन चारही टायर टेकलेत का ते पाहा. सगळ्या फाइलमधली ही सर्वांत फायदेशीर तपासणी आहे.

चेपांची उंची जुळवताना दोन्ही वाहने एकमेकांना भिडवून बाजूने पाहा. ट्रकच्या मागच्या आडव्या संरक्षक दांड्याची खालची कड रिकाम्या ट्रकला जमिनीपासून ५५० मिमीहून वर असू नये असा नियम आहे. कारचे बॉनेट दांड्याखाली गेलेले असेल तर दांड्याची प्रत्यक्ष उंची काय होती, ट्रक भरलेला होता की रिकामा, हे आराखड्यावर आकड्यानिशी लिहा.

जखमी व्यक्तीची आकृती टाकायची असेल तर साधी एकरंगी ठेवा. चेहरा, कपडे, रक्त यांनी काहीही सिद्ध होत नाही.

चालकाच्या डोळ्यांतून

थ्रीडीचा खरा उपयोग इथे आहे आणि सर्वांत मोठी फसगतही इथेच होते.

कॅमेरा चालकाच्या डोळ्यांच्या जागी ठेवा. कारमध्ये रस्त्यापासून साधारण १.२ मीटर, ट्रकमध्ये सुमारे २.४ मीटर, आणि आपल्याकडे वाहनाच्या उजव्या बाजूला. मधोमध ठेवलेला कॅमेरा दुभाजकापासून खऱ्यापेक्षा लांब जातो.

दुभाजकाच्या झुडपांआडून मूल रस्त्यावर आले, ट्रकचालकाला ते दिसले असते का, हा प्रश्न घ्या. झुडपे सलग, वरून सपाट छाटलेली, १.३ मीटर उंच. ट्रकचालकाचा डोळा २.४ मीटरवर, झुडपांच्या पलीकडच्या कडेपासून आडव्या अंतराने २ मीटर. मूल त्या कडेच्या पलीकडे अर्धा मीटर, उंची १.१० मीटर. नजरेची रेषा २ मीटरमध्ये १.१ मीटर खाली येते, पुढच्या अर्ध्या मीटरमध्ये आणखी २७.५ सेंमी. म्हणजे १.०२५ मीटरच्या वरचे दिसते. मुलाच्या डोक्याचा वरचा सातेक सेंटिमीटर भाग, झाले. आता झुडपे १.४ मीटर धरा. तेच गणित १.१५ मीटरवर थांबते आणि मूल पूर्ण झाकले जाते. झुडपांच्या दहा सेंटिमीटरवर सगळे अवलंबून आहे. छाटणीआधी ती मोजायला सांगितले ते यासाठीच.

या हिशेबात ट्रक मुलापासून किती लांब होता हे कुठेच आले नाही. रस्त्याला समांतर सलग आडोसा असेल तर लांबून किंवा जवळून, दिसणारी उंची तीच राहते. डोळा आणि आडोसा यांमधले आडवे अंतर आणि आडोसा व व्यक्ती यांमधले आडवे अंतर यांचे गुणोत्तर तेवढे ठरवते. म्हणून इथे रस्त्याच्या लांबीत मीटरभराची चूक चालते, रुंदीत दहा सेंटिमीटरची चालत नाही. कारचे उलटे आहे. डोळा १.२ मीटरवर, झुडपांच्या खाली, त्यामुळे नजर वर चढत जाते आणि अडवते ती झुडपांची अलीकडची कड. ती कड आडव्या अंतराने १.४ मीटरवर आणि मूल तिच्यापलीकडे १.१ मीटरवर असेल तर १.३८ मीटरखालचे काहीच दिसत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हे करून पाहताना कॅमेऱ्याच्या चित्रावर विसंबू नका. डोळ्यापासून डोक्यापर्यंत एक खरी रेषा काढा आणि ती झुडपांना कुठे छेदते ते बाजूने पाहा. मोजता येते ती रेषा.

क्षणचित्रे काढायची असतील तर वेळेवरून काढा. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणून धडकेआधी ३, २ आणि १ सेकंद म्हणजे ५०, ३३.३ आणि १६.७ मीटर. ही जुळणी ब्रेक न लावता एकाच वेगाने येणाऱ्या वाहनाची आहे. ब्रेक लागला असेल तर ती अंतरे बदलतात.

दृश्याचा कोन हा सगळ्यांत दुर्लक्षित रकाना आहे. बरेच प्रोग्रॅम ६० ते ९० अंशांवर उघडतात, त्यात सगळे लांब आणि लहान दिसते. आडवा कोन ४० अंश ठेवून चित्र २५ सेंमी रुंद छापले, तर ते ३४ सेंमीवरून पाहिल्यावर वस्तू खऱ्या आकाराच्या दिसतात. वाचताना कागद साधारण तेवढ्याच अंतरावर धरला जातो. तेच चित्र ९० अंशांत काढले तर ते साडेबारा सेंटिमीटरवरून पाहावे लागेल, आणि कागद नाकाला लावून कोणी पाहत नाही. कोन आणि पाहण्याचे अंतर चित्राखाली छापा. चित्र काढताना उभी उंची वाढवून दाखवण्याची सोय बंद असल्याची खात्री करा. डोंगराच्या नकाशात ती उपयोगी आहे, इथे ती ४ टक्क्यांचा उतार घाट करून दाखवते.

उजेडाबद्दल थोडक्यात. सूर्य डोळ्यांवर होता का हे तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश भरून चांगले तपासता येते. भारतीय वेळ ग्रीनिच वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे आणि काही प्रोग्रॅम वेळेचा फरक पूर्ण तासांतच घेतात, तेव्हा अर्धा तास हाताने जुळवा. अर्ध्या तासात सूर्य साडेसात अंश सरकतो. उत्तर दिशा होकायंत्राने घेतली तरी चालते, महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक अंशाच्या आतबाहेर आहे. रात्रीचे दृश्य मात्र काढू नका. पडद्यावरचा अंधार म्हणजे तुम्ही निवडलेला अंधार. चालकाला किती दिसत होते ते त्यावरून सांगता येत नाही.

ड्रोनचे किंवा स्कॅनरचे बिंदू

ड्रोनच्या फोटोंतून तयार केलेला बिंदूंचा ढग मोहक असतो. फोटो एकमेकांवर ७० ते ८० टक्के चढले पाहिजेत, आणि जमिनीवर मोजलेले किमान पाच नियंत्रण बिंदू हवेत, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. मधला वगळला तर सपाट रस्ता मध्ये फुगलेला किंवा खोलगट येऊ शकतो. याशिवाय दोन-तीन बिंदू गणितात न देता राखून ठेवा आणि शेवटी त्यांवर चूक तपासा. उभी चूक आडव्या चुकीपेक्षा साधारणपणे जास्त असते. ओले डांबर, काच आणि गाडीचे चकचकीत पत्रे यांवर ढग फाटतो. तिथे टेपची मापे वापरा आणि तशी नोंद ठेवा. ढगावरून पृष्ठभाग करताना उभी वाहने, माणसे, झुडपे आधी वेगळ्या लेयरमध्ये काढा, नाहीतर जाळे त्यांच्यावरूनही अंथरले जाते आणि रस्त्यावर टेकड्या उगवतात.

बाहेर काढताना

तिरक्या थ्रीडी चित्राला प्रमाण नसते, कारण जवळचा मीटर आणि लांबचा मीटर कागदावर सारखे नसतात. त्यावर प्रमाणाची पट्टी छापू नका, या चित्रावरून मोजू नये असे स्पष्ट लिहा. मापे वाचायची ती प्रमाणबद्ध प्लॅनवरून आणि उभ्या छेदावरून. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या सुधारणेनुसार सविस्तर अपघात अहवालासोबत घटनास्थळाचा नकाशा जोडावा लागतो. तो साधा प्लॅनच असू द्या. थ्रीडी चित्रे त्याला पुरवणी म्हणून, प्रत्येकावर कॅमेऱ्याची जागा, उंची आणि कोन लिहून. मोजलेले आणि गृहीत धरलेले यांची रंगसूची प्रत्येक पानावर हवी, कारण पाने सुटी होतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचा हॅश आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काहीही बदलले की तोही बदलतो) नोंदवायचा असतो. म्हणून मूळ मोजमापांची फाइल, सपाट नकाशा आणि अंतिम थ्रीडी अशा तीन वेगळ्या फाइली ठेवा आणि काम संपले त्या दिवशीच तिन्हींचे हॅश काढा. त्यानंतर अंतिम फाइल नुसती उघडून बंद करतानाही सेव्ह करू नका. काही प्रोग्रॅम तेवढ्यानेही आत तारीख बदलतात आणि हॅश जुळत नाही. दाखवण्यासाठी तिची प्रत उघडा.